मुक्त, फुकट आणि स्वतंत्र

सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डच्या मागावर उतरते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेमुळे. कोणता धागा केव्हा उचलावयाचा, हे ती छिद्रे ठरवितात. माग विकताना जर कोणी अट घातली की, पुठ्ठे न्याहाळावयाचे नाहीत, नक्षी बदलावयाची नाही आणि शेजारच्या कारखान्याला नक्कल द्यावयाची नाही, तर कारखानदार त्याला दारातूनच परत पाठवील. संगणकाच्या बाबतीत मात्र सुशिक्षित ग्राहक नेमक्या अशाच अटींवर वर्षानुवर्षे पैसे मोजीत आला आहे.

या अटींविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालविणे, अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, अशी ही चार स्वातंत्र्ये होत. त्यांत किमतीचा उल्लेख नाही. अशी प्रत खुशाल विकता येते. परंतु इंग्रजी ‘फ्री’चे अर्थ दोन, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात दामाचाच विचार आधी येतो. १९९८ मध्ये काहींनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे केला. त्याने पैशाचा घोळ मिटला खरा. पण हक्काची गोष्टही मागे पडली.

वस्तुतः मराठीला हे दुखणे जडण्याचे कारण नव्हते. ‘मुक्त व्यापार’ म्हणजे फुकटचा माल, असे अर्थशास्त्राचा नवखा विद्यार्थीही समजत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही शुल्क भरावेच लागते. असे असता प्रचारक ‘मोफत सॉफ्टवेअर’ लिहितात, ते बहुधा ‘फुकट ते पौष्टिक’ या लोकस्वभावावर भिस्त ठेवून! फुकट मिणारे पण कुलूपबंद सॉफ्टवेअर बाजारात विपुल आहे. मग वाचकाने दोहोंतील भेद ओळखावा कसा?

केरळात ‘स्वतंत्र’ हा शब्द रुळला. मराठीत तो चालणे कठीण, कारण आपल्याकडे ‘स्वतंत्र खोली’ म्हणजे वेगळी खोली. ‘मुक्त’ही निर्दोष नाही, कारण ‘ओपन सोर्स’लाही ‘मुक्त स्रोत’च म्हणतात. तरीही तोच शब्द घ्यावा, आणि पहिल्या उल्लेखालाच ‘वापरण्यास, बदलण्यास, वाटण्यास मुक्त’ एवढे जोडावे. ‘मोफत’ म्हणून शाळेत बसविलेल्या प्रणालीच्या देखभालीचे बिल आले की मुख्याध्यापकांना फसविले गेल्यासारखे वाटते, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.