शेवटचा संडास कधी झाला?

लिव्हर निकामी होत चाललेला माणूस दिवसा पेंगतो, रात्रभर जागा राहतो. शर्टाची बटणं भलत्याच काज्यात लावतो. बँकेत त्याची सही जुळत नाही. घरचे म्हणतात, परत प्यायला लागला. आयुष्यात दारू न शिवलेल्या, हिपॅटायटिस बी असलेल्या माणसालाही हे ऐकावं लागतं. कुणी देवऋषाकडे नेतं. मग एक दिवस तो बेशुद्धीत वॉर्डात येतो. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. अशा वेळी नातेवाइकांना मी आधी विचारते ते हेच : शेवटचा संडास कधी झाला?

आतड्यातले जिवाणू अन्नातल्या प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडे जातं, आणि धडधाकट लिव्हर त्या अमोनियाचा युरिया करून लघवीवाटे काढायला लावतं. लिव्हर निकामी करणाऱ्या सिरॉसिसमध्ये ते जमत नाही. शिवाय बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जातं, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. पोट साफ झालं नाही की तो आणखी साठतो.

यावरचं लॅक्टुलोज म्हणजे गोड, चिकट, पातळ औषध. लहान आतड्यात ते शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते फोडतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि अमोनिया तिथंच अडकून बाहेर पडतो. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. गोंधळ-बेशुद्धीच्या अशा झटक्यातून एकदा बाहेर आलेल्यांपैकी लॅक्टुलोज घेणाऱ्या ६१ जणांत १२ जणांना पुन्हा झटका आला. न घेणाऱ्या ६४ जणांत ३० जणांना आला.

तरीही घरोघरी हे औषध बंद पडतं. डिस्चार्ज कार्डावर नाव आणि किती मिली एवढंच असतं, कशासाठी ते नसतं. तीनदा संडास झाला की सून म्हणते, मामांना जुलाब लागले, बाटली ठेवून द्या. खरं तर दिवसातून दोन-तीन वेळा मऊ संडास व्हायलाच हवा. कमी झाला तर डोस वाढवायचा. पाण्यासारखा होऊ लागला तर कमी करायचा, कारण अंगातलं पाणी गेलं तरी मेंदूवर परिणाम होतो.

आणि संडास आहे कुठं? चाळीत सामाईक, बाहेर रांग. ऊसतोडीच्या कोपीवर तोही नाही. बारा तास गेटवर उभा राहणारा वॉचमन विचारतो, "सिस्टर, ड्युटीवर जाऊ कुठं?" एसटीनं दवाखान्यात येणाऱ्या बायका तर आदल्या रात्रीपासूनच औषध टाळतात. त्यांच्यावर ओरडण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

डाळ, दूध, अंडी बंद करण्याचा सल्ला आजही कानावर येतो, तेव्हा जीव तुटतो. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्या, असं आताची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. स्नायूही अमोनिया निपटतात, आणि उपाशी माणसाचे स्नायू झडतात. वरण, ताक, झोपण्यापूर्वी थोडं खाणं, एवढं गरिबालाही जमावं. २०१८ च्या एका अभ्यासात तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या सिरॉसिसच्या रुग्णांची तुलना केली होती. दही-ताकासारखे पदार्थ आणि भाज्या भरपूर खाणाऱ्या तुर्की रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता जास्त होती, आणि त्यांना रुग्णालयात कमी वेळा भरती व्हावं लागलं. एकट्या ताकानं हे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण ताक तोडायला कारणही मिळत नाही. लॅक्टुलोज सोडून महागडी प्रोबायोटिकची पाकिटं मात्र कुणी घेऊ नयेत.

माझी मागणी साधी आहे. डिस्चार्जच्या वेळी मराठीत छापलेला कागद द्या, आणि जी बाई घरी औषध पाजणार आहे तिला समोर बसवून तो वाचून दाखवा. संडास किती लांब आहे, कामावर सोय आहे का, हे केसपेपरवर लिहा. डोसच्या वेळा त्याप्रमाणे ठरवा.