कर्ज आणि पुरुमेंत

अंगावर कर्ज असताना पैसा बाजूला टाकणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय, असे मत आमच्या कानी वारंवार येते. आधी देणे फेडावे, मग शिल्लक टाकावी, हा क्रम वरवर पाहता बिनतोड वाटतो. आमचे मत मात्र तसे नाही. घरोघरी ही चर्चा मुलांना बाहेर पाठवून चालत असली, तरी शाळेच्या अंकातच ती व्हावी असे आम्हांस वाटते. 'श्यामची आई' मधील जप्तीचा प्रसंग वाचून ज्यांचे डोळे पाणावतात, त्या मुलांना आपल्या घरचे देणे किती, हे कळल्याने काही बिघडणार नाही.

आमच्या गोमंतकात पुरुमेंताची चाल जुनी आहे. शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, पण रीत अस्सल घरची. वैशाख सरता सरता मीठ, मिरची, सोले, चिंच, उकडे तांदूळ, सुके बांगडे, जळाऊ लाकडे यांनी कोठीची खोली भरून जाई. पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात. आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. आता, पुरुमेंत भरणाऱ्या घरांवर कुणाचे देणे नव्हते काय? पुष्कळांवर होते. म्हणून 'यंदा मीठ-मिरची नको, आधी देणे फेडू' असे एखाद्या आजीने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आषाढात डबे रिकामे झाले तर पुन्हा त्याच दारी पदर पसरावा लागेल, हे ती पुरते ओळखून होती.

गणित या मताच्या विरुद्ध आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एखाद्या घरावर दरसाल शेकडा २४ व्याजाने ६०,००० रुपये कर्ज आहे असे धरू. त्या घराने १०,००० रुपये कर्जात न भरता बचत खात्यात ठेवले, तर त्या रकमेवर महिना २०० रुपये व्याज नाहक जाते. खात्याने शेकडा ३ दिले तरी परत येतात अवघे २५. म्हणजे महिन्याला पावणेदोनशे रुपयांचा तोटा. परंतु मध्यरात्री मूल तापाने फणफणले किंवा श्रावणात घराचा वासा मोडला, तर हेच १०,००० रुपये महिना शेकडा ५ ने उसने आणावे लागतात. त्याचे व्याज होते महिना ५०० रुपये, आणि तारणादाखल आईच्या हातची पाटली जाते ती निराळीच. पावणेदोनशे रुपये हे आमच्या मते त्या पाटलीचे राखणमोल आहे.

मात्र ही गंगाजळी महिना-दीड महिन्याच्या खर्चाहून मोठी होऊ देऊ नये. तेवढी साठली की उरलेला प्रत्येक रुपया कर्जाकडे जावा, आणि तोही सर्वांत जड व्याजाच्या कर्जाकडे. सोसायटीचे हलके कर्ज आधी फेडून क्रेडिट कार्डाची थकबाकी तशीच वाढू देणारी सुशिक्षित माणसे आम्ही पाहिली आहेत!

दुसरे असे की, अडीअडचण कशास म्हणावे याचा आमच्या समाजात फार घोळ आहे. चतुर्थी अचानक येत नाही. तिची तिथी पंचांगात छापलेली असते. जूनमधील पुस्तके, गणवेष, छत्री ही तर ठरलेलीच. या खर्चांसाठी टपाल खात्यातील आवर्ती ठेव किंवा भिशी चालेल, पण आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला माटोळीच्या बाजारात हात लागता कामा नये. येथे गृहिणीचा शब्द अखेरचा मानावा, असे आम्ही स्पष्टच सांगतो. डाळीच्या डब्यातील नोटा नेमक्या कशासाठी आहेत, हे बहुधा तिलाच माहीत असते.

अलीकडे मोबाईलवर घटकाभरात कर्ज मिळते. सावकाराच्या ओटीवर बसण्याची लाज त्यात नाही, म्हणून ते अधिक घातक. 'शेकडा दोन' ऐकायला किती हलके वाटते! वर्गात सरळव्याजाची उदाहरणे सोडविणाऱ्या मुलांनी घरी जाऊन वडिलांना एवढेच विचारावे, की हे दोन महिन्याचे की वर्षाचे? हप्ता किती, हे घरात सर्वांना पाठ असते. दर किती, हे पाहण्यासाठी मात्र कपाटातले कागद बाहेर काढावे लागतात.