नात्यातले सुटे भाग

मॉरिस मायनर मोटारीच्या पुढच्या चाकांना मॉरिस मरीनाचे डिस्क ब्रेकचे भाग ‘जसेच्या तसे’ बसतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. १९७१ च्या मरीनाने मायनरचीच टॉर्शन बार रचना, म्हणजे पीळ पडून स्प्रिंगचे काम करणारी पोलादी कांब, उचलली असली, तरी नाते जुळले म्हणून मापे जुळतातच असे नाही. डिस्क ब्रेकच्या मोठ्या पिस्टनांना अधिक ब्रेक ऑइल लागत असल्याने ते ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचाही विचार करावा लागतो, आणि तो मायनरमध्ये चालकाच्या पायाखाली, चासीच्या पोकळीत दडलेला असतो. पत्रात त्याचा उल्लेखही नाही. शिवाय खालच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या आटेदार सांध्याला, वेळेवर ग्रीस न मिळाल्यास आटे झिजून चाक कोलमडते, मग ब्रेक कोणतेही असोत. डिस्कवर खर्च करण्याआधी मालकांनी तो सांधा तपासून घ्यावा.