ट्रक डावीकडे ओढतोय... आधी हवा बघा!

मेकॅनिकलच्या कुठल्याही मुलाला विचारा, कॅस्टर म्हणजे काय? व्याख्या तोंडपाठ! अॅकरमन स्टेअरिंगचं पेटंट १८१८ सालचं आणि मूळ कल्पना म्युनिकच्या लँकेनस्पर्गरची, हेही एखादा स्कॉलर सांगेल. आता त्यालाच विचारा, "ट्रक सारखा डावीकडे ओढतोय, काय करू?" उत्तर येईल, "अलाइनमेंट करून घ्या." पेशंटला न तपासताच डॉक्टरने गोळ्या लिहून द्याव्यात, तसलं हे उत्तर आहे!

आमच्या मैंदर्गीला या. अक्कलकोट-दुधनी रस्त्यावरचं हे गाव, कर्नाटकची हद्द जवळच, त्यामुळे गॅरेजमध्ये अर्धं कन्नड, अर्धं मराठी. तिथला चांगला मिस्त्री पाना उचलायच्या आधी ड्रायव्हरला प्रश्न विचारतो. सारखी ओढते की ब्रेक मारल्यावरच? रिकामी असताना की माल भरल्यावर? टायर कधी बदलले?

या प्रश्नांमागे पक्कं शास्त्र आहे. फक्त ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढत असेल, तर उजवा ब्रेक कमी लागत असणार. लायनरवर ऑइल आलं असेल किंवा अॅडजस्टर ढिला असेल. सारखीच ओढत असेल तर आधी पुढच्या दोन्ही टायरची हवा बघायची, कारण हवा कमी त्या बाजूला ओढ. मग थोडी चालवून ड्रम बघायचे. एकच जास्त तापला, तर तिथला ब्रेक नीट सुटत नाही. मग पुढचे टायर अदलाबदल करायचे. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. नाही गेली तर पाटे, सेंटर बोल्ट, किंग पिन. सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असेल, तर दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फितीने मोजलं की लगेच कळतं. आणि हे सगळं सपाट जागेवर, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्यालाच कडेकडे उतार असतो.

आता अलाइनमेंट. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना पुढे अखंड अॅक्सल असतो. टाय रॉड फिरवून त्यात टो-इन तेवढं बदलतं. ते चुकलं तर टायर झिजतात, पण गाडी एका बाजूला ओढायचं ते सहसा कारण नसतं. म्हणजे पैसे गेले, ओढ तशीच!

सगळेच मिस्त्री असे नसतात, हेही खरं. ओढ जावी म्हणून चांगल्या बाजूचाच ब्रेक ढिला करून देणारेही असतात. गाडी सरळ थांबते, ड्रायव्हर खूश. पण आता दोन्ही ब्रेक कमी लागतात आणि थांबायला जास्त अंतर लागतं. तूर भरलेला ट्रक, रात्रीची वेळ, समोर अचानक बैलगाडी... पुढचं सांगायला नको. हे धोक्याचं का, ते आकड्यांत दाखवणं हे आपलं काम आहे. "आम्ही काय मिस्त्री व्हायला आलोय का?" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर.

पण आपल्या लॅबमध्ये काय आहे? लाल-निळा रंग दिलेलं कट-सेक्शन मॉडेल. ते कधीच कुठे ओढत नाही! आपण त्याची आकृती जर्नलमध्ये उतरवतो (खरं तर सीनिअरच्या जर्नलमधून), सही घेतो, विषय संपला. व्हायव्हात नावं विचारतात, दोष कसा शोधाल हे विचारत नाहीत.

म्हणून सरांना एक विनंती. एक तरी प्रॅक्टिकल असं ठेवा, की लॅब असिस्टंट कॉलेजच्या जुन्या गाडीत गुपचूप एक बिघाड करून ठेवतील आणि आम्ही तो शोधू. मार्क उत्तराला कमी, कुठल्या क्रमाने तपासलं त्याला जास्त. खर्च जवळजवळ नाहीच, कारण एका टायरची हवा कमी करायला काय लागतं?

आणि दोस्तांनो, तोवर सुट्टीत गावी गेलात की एक दिवस गॅरेजवर बसा. हात काळे होतील, पण कॅस्टरची व्याख्या निदान कशाबद्दल आहे ते तरी कळेल.