सोयरीक आणि सीमा

सिंधमधील उमरकोटच्या सोढा राजपुतांची अडचण दिल्लीतील कार्यालयांना सहजी उमगणारी नाही. सारे सोढा एकाच कुळाचे. कुळातल्या कुळात विवाह त्यांना निषिद्ध. साहजिकच पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या सोयरिकी जोधपूर, जैसलमेर, बाडमेरकडे जुळत आल्या. १९४७ मध्ये सीमा आखली गेली, तरी सोयरिकी थांबल्या नाहीत.

१९६५ च्या युद्धात तुटलेला मुनाबाव-खोखरापार लोहमार्ग २००६ मध्ये थार एक्स्प्रेसने पुन्हा जोडला. ती गाडी ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. त्या वर्षी राजस्थानात दिलेल्या काही नववधूंना व्हिसाअभावी माहेरीच दिवस कंठावे लागले. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हत्याकांडानंतर अटारीचे द्वारही मिटले. पाकिस्तानी हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा शासनाने कायम ठेवले, हे योग्यच झाले. परंतु ज्यांची लग्नगाठ बांधली गेली, पण व्हिसा हाती आला नाही, त्यांचे काय?

राष्ट्राची सुरक्षा सर्वोपरी, याविषयी दुमत नाही. अर्जदाराची कसून छाननी व्हावीच. मात्र तिच्या नावाखाली प्रतीक्षा अंतहीन होऊ नये. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीस सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीद्वारे नागरिकत्व मागण्याची वाट १९५५ चा कायदाच दाखवितो. त्या वाटेवरील पहिले पाऊल म्हणजे व्हिसा. त्याच्या निर्णयास निश्चित मुदत हवी. नकार असेल, तर तोही वेळेत कळावा. सप्तपदी चाललेल्या वधूला उंबरठ्याबाहेर किती काळ तिष्ठत ठेवायचे, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.