पाण्याचा जाब कोण देणार?

22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं, तेव्हा कागदावरचा खर्च होता 372 कोटी. सुधारित मान्यता घेत घेत तो 2016 पर्यंतच 18,494 कोटींवर गेला. जवळपास पन्नासपट! कारण विचारा, पाटबंधारे खात्याचे साहेब गंभीर चेहऱ्यानं सांगतात, ‘प्रकल्प गुंतागुंतीचा आहे.’

आहेच. वैनगंगेवरचं धरण, दोन मुख्य कालवे, उपसा योजना, बुडणारी गावं, आड येणारं जंगल, आणि लाभक्षेत्र भंडारा, नागपूर, चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत. पण गुंता सोडवायचा असतो हो, खात्याखात्यांत वाटून घ्यायचा नसतो! इथं एकानं भिंत घेतली, दुसऱ्यानं कालवा, तिसऱ्यानं पुनर्वसन, ठेकेदारानं बिल. ज्याचं त्याचं काम कागदावर पुढे सरकत राहिलं. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत पाणी का नाही, याचा जाब देणारा एक माणूस मला दाखवा.

डाव्या कालव्याचंच घ्या. अस्तरीकरण झालं, निकृष्ट निघालं, फोडून पुन्हा करायची पाळी आली. काँक्रीट मोजणारे होते, पाणी मोजणारा कुणी नव्हता.

वर साहेबांचं अनिश्चिततेचं तत्त्वज्ञान! पाऊस अनिश्चित, मान्य. खडक कसा लागेल हेही सांगता येत नाही, मान्य. पण बुडणारी गावं? ती काय भिंत उभी राहिल्यावर नकाशावर उगवली? तरी विशेष पुनर्वसन पॅकेजला 2013 उजाडलं. मधल्या पंचवीस वर्षांत त्या गावांत मुलं जन्मली, शिकली, लग्नाला आली. घर दुरुस्त करावं की सोडावं, एवढंही त्यांना कुणी धड सांगितलं नाही. याला मी निर्दयपणा म्हणतो. आणि धरणातल्या पाण्याचीही तीच गत: नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे याच जलाशयात उतरतं. शहर एकाकडे, धरण दुसऱ्याकडे, घाण धरणाजवळच्या पवनीकरांकडे.

त्यातच 2024 मध्ये मंजुरी मिळाली वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला. गोसीखुर्दचं पाणी थेट बुलढाण्यापर्यंत, चारशेहून अधिक किलोमीटर! बुलढाण्याची तहान खरी आहे, म्हणूनच मला या घाईची चीड येते. आधी इथल्या प्रत्येक वितरिकेवर एका अभियंत्याचं नाव लावा. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यानं ‘पाणी मिळालं’ अशी सही केल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका. हा नियम नळगंगेच्या पहिल्या निविदेतही लिहा.