प्रलंबित फेरफार दिसू द्या

पेण आणि रोह्याहून आलेल्या पत्रांत या महिन्यात एकच तक्रार आहे. जुना एकसंध डेटाबेस फोडून प्रत्येक सेवेला तिचे स्वतंत्र स्टोअर द्यायचे काम, आणि त्याच करारात अट, की सर्व सेवांचा ताळेबंद कुठल्याही क्षणी एकाच क्वेरीत, पैशापर्यंत जुळलेला मिळावा! ही अट भागवायला मंडळींनी एक 'अहवाल' डेटाबेस उभा केला आणि सगळ्या सेवा त्यात थेट लिहू लागल्या. एवढ्या कष्टाने फोडलेला मोनोलिथ मागच्या दाराने पुन्हा घरात आला. वर दुहेरी लेखन. एक लेखन फसले की आकडा हलतो, आणि अट घालणारे साहेब कारणे मागतात.

या साहेबांनी आपल्याच तालुक्यातला एक सातबारा नीट वाचावा. पेणला खरेदीखत नोंदले जाते ते नोंदणी विभागाच्या आय-सरितात. सातबारा असतो महसूल विभागाच्या ई-फेरफारमध्ये. दस्त नोंदला म्हणून त्याच क्षणी नाव चढत नाही. तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे नमुना 7 बदलतो. हे सारे जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 150 प्रमाणे. आपण ज्याला सागा म्हणतो तो हाच. फेरफार नामंजूर झाला तरी नमुना 6 मधली नोंद शेऱ्यासह राहते. मधल्या काळात सातबाऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' छापून येतो, म्हणून घेणारा सावध होतो.

तुमच्यापैकी किती जणांच्या स्क्रीनवर अशी 'प्रलंबित' ओळ आहे? टू-फेज कमिटवर तास तास वाद घालणारे आउटबॉक्स टेबल मात्र लिहीत नाहीत, हे आम्हाला सहन होत नाही. मूळ नोंद आणि आउटबॉक्समधला संदेश एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये जाऊ द्या. तोच संदेश दोनदा आला तरी रक्कम दोनदा चढता कामा नये. रोज रात्री ताळमेळ घ्या आणि न जुळलेल्या नोंदींची यादी सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवा. ती पूर्ण रिकामी होईपर्यंत जुन्या टेबलांना हात लावू नका. घाईचे काय होते ते सातबाऱ्यातच पाहा: हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना राहिलेल्या चुकांसाठी शेतकरी अजून कलम 155 चे अर्ज घेऊन तहसील कार्यालयात उभा असतो.

आणि पुढच्या बैठकीत ती 'कुठल्याही क्षणी'ची अट बदलून मागा: आकडा किती मिनिटांत जुळेल ते करारात लिहा, तोवर 'प्रलंबित' दिसेल. सहीआधी मागा.